गुन्हेगारीचे शास्त्र शिकताना

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीचे निकाल लागले होते आणि आमच्या तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात प्रवेशाची धांदल चालू होती. एक शेतकरी गृहस्थ मुलाला पुढे घालून माझ्या खोलीत आले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि मुलाकडे न पाहताच मला म्हणाले, "सर, ह्ये पोरगं म्हणतंय, मला गुन्हेगारीचं शिकायचंय. आता त्ये शिकायला कालिजात जावं लागतं व्हय?"

मला हसू आले. मुलगा मात्र हसला नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मला गुन्हेगाराचं मन वाचायला शिकायचंय." मोबाईलवर पाहिलेल्या मालिकांचा तो प्रताप होता, हे उघड होते. त्या मालिकांत एखादा तपासनीस मृतदेहाकडे दोन क्षण पाहतो आणि खुनी डावखुरा आहे, त्याचे आईशी पटत नाही, तो उद्या पुन्हा येणार, असे सारे सांगून टाकतो. मी त्याला म्हटले, "अरे, मी एवढी वर्षे मानसशास्त्र शिकवतो आहे, पण तुझ्या वडिलांच्या मनात ह्या क्षणी काय आहे तेसुद्धा मला वाचता येत नाही." त्यावर वडील चटकन म्हणाले, "माझ्या मनात एकच हाय सर. ह्यानं नोकरी लागंल का?"

वाचकहो, ह्या बापलेकांच्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा हा प्रयत्न आहे. मुलाचा प्रश्न विषयाचा आहे, वडिलांचा पोटाचा. पोटाचा प्रश्न मी शेवटी घेणार आहे. तो कमी महत्त्वाचा आहे असे नव्हे. पण आपण काय शिकणार हे कळल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

समजा, तुमच्या शिवारात विहिरीवरची विजेची मोटार चोरीला गेली. अशा चोऱ्या नव्या नाहीत. फिर्याद झाली, पंचनामा झाला. आता ह्या एकाच घटनेकडे चार माणसे चार नजरांनी पाहतात. वकील विचारतो, हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो? पोलीस अधिकारी विचारतो, हे केले कोणी? न्यायसहायक प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ विचारतो, तुटलेल्या तारेवर हत्याराची खूण कसली आहे, पेटीवर बोटांचे ठसे आहेत काय? गुन्हेगारीशास्त्राचा अभ्यासक चौथा. त्याचे प्रश्न जरा निराळे असतात. ह्याच शिवारातल्या पाच मोटारी वर्षात का गेल्या, आणि ओढ्यापलीकडची एकही का गेली नाही? चोरी नेमकी पिके निघाल्यावर, विहिरीवर कोणी फिरकत नसते तेव्हाच का होते? मोटारीतले तांबे विकत घेणारा भंगारवाला कोण, आणि तो नसता तर ही चोरी झाली असती काय? पकडलेला पोरगा आणि त्याच्याच वर्गात शिकलेला, त्याच्याइतकाच गरीब असलेला, पण चोरी न केलेला दुसरा पोरगा, ह्यांच्यात फरक कशाने पडला? आणि शिक्षा भोगून तो गावात परत आला म्हणजे पुढे काय?

हे शेवटचे प्रश्न ज्याला छळतात त्याने ह्या विषयाकडे यावे. "कोणी केले?" एवढेच ज्याला शोधायचे असेल त्याने पोलीस भरतीची किंवा लोकसेवा आयोगाची तयारी करावी, तेही उत्तम काम आहे.

आता ह्या शास्त्राचा इतिहास मी थोडक्यात सांगणार होतो. पण त्यातला एक भाग असा आहे की तो थोडक्यात सांगून भागत नाही. आरंभी इटलीतल्या मिलान शहरी बेकारिया नावाच्या तरुणाने १७६४ साली एक लहानसे पुस्तक लिहिले. छळ करून कबुली घेऊ नये; शिक्षा फार कठोर असण्यापेक्षा ती खात्रीने व वेळेवर होणे जास्त महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे. पुढे शंभर वर्षांनी इटलीतच लाँब्रोझो नावाचा एक वैद्य झाला. एका चोराच्या कवटीची तपासणी करताना तिच्या मागच्या भागात त्याला एक खळगा आढळला. तसा खळगा खालच्या प्राण्यांच्या कवटीत असतो, असे त्याला वाटले, आणि त्यावरून त्याने मोठाच इमला रचला. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने म्हटले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात. ती मागल्या युगातली रानटी माणसेच आपल्या युगात चुकून जन्माला येतात. मोठा जबडा, पुढे आलेले कान, लांब हात, ह्या त्यांच्या खुणा!

तुम्ही म्हणाल, हे काय शास्त्र झाले? पण त्या काळी युरोपात ह्या मताचा मोठा बोलबाला होता. अखेर इंग्लंडमधील तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोअरिंग ह्यांनी तीन हजारांच्या आसपास कैद्यांची मोजमापे घेतली. त्यांनी ती विद्यार्थी, सैनिक अशा साध्या माणसांच्या मोजमापांशी ताडून पाहिली आणि १९१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: गुन्हेगाराचा म्हणून काही निराळा चेहरामोहरा नसतो. कैदी उंचीने व वजनाने थोडे कमी भरले, एवढेच. नुसत्या समजुतीला मोजपट्टी लावली की काय होते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. मौज अशी की लाँब्रोझोने मृत्यूनंतर आपला सांगाडा जतन करायला सांगितले होते, आणि तो ट्यूरिनच्या संग्रहालयात त्यानेच जमवलेल्या कवट्यांच्या संगतीत आजही उभा आहे.

इथवर गोष्ट परक्या मुलखाची झाली. पण "जन्मजात गुन्हेगार" ही कल्पना लाँब्रोझोचा ग्रंथ येण्याआधीच आपल्या देशात कायदा होऊन बसली होती. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ साली सुधारून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केला गेला. त्याचा अर्थ असा की एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई. मग त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने काही केलेले असो वा नसो, त्याने पोलिसांकडे नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. पाळण्यातल्या पोराच्या कपाळी कायद्यानेच शिक्का मारला! मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, विजापूर अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या गेल्या. सोलापुरात "सेटलमेंट" हे वस्तीचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण ह्या लोकांची हजेरी आणखी पाच वर्षे चालू राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि ह्या जमाती "विमुक्त" झाल्या. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा जमाती आहेत. कायदा गेला; पण मनातली हजेरीवही बंद झाली काय? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल दिला. कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत जातीवरून कामे वाटून देण्याच्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना सराईत गुन्हेगार समजण्याच्या तरतुदी शिल्लक होत्या. त्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. १९५२ ते २०२४. हिशेब तुम्हीच करा.

शिक्षक वाचकांची क्षमा मागून आता मी एक स्वतःची गोष्ट सांगतो. मी नुकताच एम.ए. झालो होतो आणि महाविद्यालयात लागण्यापूर्वी एका शाळेत शिकवत होतो. सहलीचे जमवलेले पैसे माझ्या टेबलावरून नाहीसे झाले. वर्गात चाळीस मुले. गावाबाहेर पालं टाकून राहणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा त्या वर्षीच शाळेत यायला लागला होता. मी सगळ्यांच्या दप्तरांची झडती घेतली. पण पहिले दप्तर त्याचे उघडले. का, ते मला त्या वेळी कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. त्याच्या दप्तरात एक वही, एक पाटी आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. दोन दिवसांनी पैसे सापडले. टेबलाचा खण मागच्या बाजूने फुटका होता, पाकीट त्या फटीतून खाली घसरले होते. तो मुलगा आठवडाभर शाळेत आला, मग यायचा बंद झाला. पालं उठून पुढल्या गावी गेली होती, की तो माझ्यामुळे येईना झाला, ह्याची चौकशी मी केली नाही. मानसशास्त्रात पहिल्या वर्गात आलेला मी, लाँब्रोझोची गोष्ट परीक्षेत लिहून गुण मिळवलेला!

तेव्हा गुन्हेगारीशास्त्र शिकायला आलेल्या मुलाला मी पहिल्याच तासाला सांगतो की गुन्हेगाराचे मन पुढे पाहू. आधी तुझा संशय कोणाकडे जातो आणि कोणाकडे जात नाही, ते तपासून ये.

"कोणाकडे जात नाही" हे मुद्दाम म्हणतो. एडविन सदरलँड नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. गुन्हेगारी रक्तातून येत नाही, ती संगतीत शिकली जाते, हा त्यांचा सिद्धान्त. आपल्याकडे "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला" असे म्हणतातच. पण सदरलँड तेवढ्यावर थांबले नाहीत. ते म्हणाले, संगत काय झोपडपट्टीतच असते? कचेरीत नसते? १९३९ साली त्यांनी पांढरपेशा गुन्हेगारीवर भाषण केले, आणि १९४९ साली अमेरिकेतल्या सत्तर मोठ्या कंपन्यांनी केलेल्या कायदेभंगांची जंत्रीच पुस्तकरूपाने मांडली. आपल्या गावातली भाषाच पाहा ना! कोंबडी चोरणाऱ्याला आपण "कोंबडीचोर" म्हणतो आणि ते नाव त्याच्या नातवापर्यंत चिकटते. पतसंस्थेतल्या ठेवी गिळून विधवांना आणि म्हाताऱ्यांना देशोधडीला लावणारा मात्र जामिनावर सुटून आला की पुन्हा "साहेब". कोंबडी दोनशे-चारशे रुपयांची, ठेवी कोटींच्या. ह्यातले जास्त धोकादायक कोण, हा ह्या शास्त्रातला प्रश्न आहे.

आता मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गुन्ह्याचे मानसशास्त्र म्हणजे काय? ते मन वाचणे नव्हे, हे सांगून झाले. त्याचा मोठा भाग गुन्हेगाराविषयी नसून साक्षीदाराविषयी आहे, हे ऐकून विद्यार्थी थोडे हिरमुसतात. पण गंमत तिथेच आहे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारले, "मोटारी एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?" दुसऱ्यांना विचारले, "मोटारींचा एकमेकींवर आपटून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता?" फिल्म एकच, पण दुसऱ्यांनी सांगितलेला वेग जास्त. आठवड्याने त्यांना विचारले, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये फुटलेली काच मुळीच नव्हती. तरी "धडकल्या" ऐकलेल्या पन्नासांपैकी सात जण "होय" म्हणाले, आणि "चुराडा" ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा!

ह्यातला कोणीही खोटे बोलत नव्हता. त्यांना खरोखरच काच आठवत होती. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. एखाद्या माणसाला शिकवणे चालू असताना अचानक आत येऊन, काही उचलून जायला सांगा. मग अर्ध्या मुलांना विचारा, "त्याच्या शर्टाचा रंग कोणता होता?" आणि उरलेल्यांना विचारा, "त्याचा लाल शर्ट कुठे फाटला होता?" शर्ट निळा आणि धड असू द्या. कागदावर काय येते ते पाहा. आणि नंतर हेही मनात आणा की जत्रेतल्या मारामारीचा जबाब घेताना हवालदार कसा प्रश्न विचारतो ह्यावर एखाद्याची सात वर्षे अवलंबून असू शकतात.

खोटे पकडणाऱ्या यंत्रांविषयीही लोकांत भलता विश्वास आहे. नाडी आणि घाम मोजणारे यंत्र माणूस घाबरला आहे एवढे सांगते. तो गुन्ह्याने घाबरला आहे की पोलीस ठाण्याने, हे त्याला कळत नाही. औषध टोचून बोलते करण्याचे प्रकार आपल्याकडे झाले. पुण्याच्या एका खुनाच्या खटल्यात २००८ साली सत्र न्यायालयाने मेंदूच्या आलेखाचाही आधार घेतला होता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की संमतीवाचून कोणावरही अशा चाचण्या करता येणार नाहीत. मालिकांत मात्र त्या अजून सर्रास चालतात.

ह्याच विषयातला दुसरा एक भाग मला शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो. न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास संशोधकांनी वर्षानुवर्षे चालू ठेवला आहे. मुले मोठी झाली, नोकरीला लागली, तरी दर काही वर्षांनी त्यांची तपासणी होतेच. त्या आधारावर टेरी मॉफिट ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ साली असे मांडले की वाकडी वाट धरणाऱ्या मुलांचे ढोबळ दोन गट पडतात. एक अगदी लहान गट असा, की ज्याच्या अडचणी तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दिसतात आणि दीर्घकाळ टिकतात. त्यांना लवकर मदत लागते, घरालाही लागते. दुसरा गट फार मोठा. ही मुले तेराव्या-चौदाव्या वर्षी बिघडतात, मोठे झाल्याचा आव आणायला काहीबाही करतात, आणि विशी ओलांडून कामधंद्याला, संसाराला लागली की बहुतेक जण आपोआप सुधारतात. म्हणजे पंधराव्या वर्षी शाळेचा पंखा विकून खाल्लेला पोरगा तिसाव्या वर्षी दूध संघाचा हिशेब चोख ठेवणारा निघू शकतो. अट एवढीच की मधल्या काळात त्याच्या परतीची दारे कोणी कायमची लावून घेतलेली नसावीत. शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना "वर्तणूक" ह्या रकान्यापाशी आपली लेखणी थांबते, तेव्हा हा अभ्यास आठवावा.

मानसिक आजार आणि गुन्हा ह्यांची सांगड घालण्याचीही एक वाईट खोड आपल्याला आहे. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणाच्या वाटेला जात नाहीत. उलट तीच इतरांच्या मारहाणीला आणि फसवणुकीला बळी पडतात.

विद्यापीठात ह्याखेरीज काय शिकवतात? शिक्षेचे शास्त्र, पीडितांविषयीचे शास्त्र, कायद्याची मूलतत्त्वे, संशोधनाच्या पद्धती आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्राचे नाव काढले की मुले नाक मुरडतात, पण त्यावाचून ह्या विषयात पाऊल टाकता येत नाही. एक उदाहरण देतो. आपल्या देशात १९५३ सालापासून गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध होते. १९८६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्था आता ते काम करते. समजा, एखाद्या तालुक्यात बायकांवरील अत्याचाराचे नोंदलेले गुन्हे एका वर्षात दुप्पट झाले. वर्तमानपत्र मथळा देईल, "गुन्हेगारी बोकाळली!" पण कदाचित असे असेल की त्या वर्षी ठाण्यात एक चांगली महिला अधिकारी आली आणि पूर्वी गप्प बसणाऱ्या बायका फिर्याद द्यायला धजावल्या. आकडा नोंदींचा आहे, गुन्ह्यांचा नव्हे. उलट एखाद्या ठाण्याची पाटी कोरी असेल तर तिथे रामराज्य आहे, की फिर्यादच घेत नाहीत, हे पाहावे लागते.

दुसरा आकडा तुरुंगांचा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. चारांतले तीन! "तुरुंगात आहे म्हणजे काहीतरी केलेच असणार" असे पारावर बसून आपण म्हणतो, तेव्हा ह्या तिघांविषयी बोलत असतो.

माणूस सुधारतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मात्र मी विद्यार्थ्यांना परदेशी पुस्तकांआधी आटपाडीकडे पाहायला सांगतो. आज सांगली जिल्ह्यात असलेला हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. तिथे १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून येऊन इथलेच होऊन गेलेले मॉरिस फ्रिडमन ह्यांचा तो प्रयोग. जन्मठेपेचे कैदी, पण भिंत नाही. कसायला जमीन दिलेली, बायकामुलांसह राहायची मुभा. व्ही. शांताराम ह्यांच्या १९५७ सालच्या "दो आँखें बारह हाथ" ह्या चित्रपटामागे हाच प्रयोग होता, आणि कथा गदिमांची. सहा कैदी, म्हणून बारा हात. चित्रपट पुष्कळांनी पाहिला आहे, पण ती वसाहत आपल्याच जिल्ह्यात आहे हे सांगली-साताऱ्याच्या मुलांनाही ठाऊक नसते. प्रत्येक कैदी असा सुधारेल असे मी म्हणत नाही. अट्टल दरोडेखोराला कोणी शेत देऊन बसवत नाही. पण कोण सुधारेल, कशाने सुधारेल आणि ते पारखायचे कसे, हे शिकण्याजोगे ज्ञान आहे, ह्याचा स्वतंत्रपूर हा पुरावा आहे.

पीडितांचे राहिले. खटला "सरकार विरुद्ध आरोपी" असा चालतो. ज्याच्यावर आपत्ती गुदरली तो साक्षीदार म्हणून येतो, साक्ष देतो आणि एस.टी. पकडून घरी जातो. त्याच्या मनाचे आणि संसाराचे काय, हा प्रश्न अलीकडे विचारला जाऊ लागला. महाराष्ट्र शासनाने बलात्कार व अॅसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी २०१३ साली "मनोधैर्य" योजना आणली, तिच्यामागे हाच विचार आहे. गावातल्या कोणावर असा प्रसंग आला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

आता वडिलांचा प्रश्न. हा विषय शिकण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्या सुरुवातीलाच फुटतात. ज्याला रक्त, ठसे, विष, हत्यारे ह्यांच्या तपासणीकडे जायचे आहे त्याने बारावीला विज्ञान घेतलेले असावे. ही न्यायसहायक विज्ञानाची वाट. बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघाले, आणि त्या ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस ह्या आपल्या दोन माणसांचा मोठा वाटा होता. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला २०२० साली राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झाले. गोव्यातही त्याचे केंद्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे, आणि ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत अवधी दिला आहे. म्हणजे ह्या माणसांची गरज वाढणार.

दुसरी वाट कला शाखेची: मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा समाजकार्य घेऊन पदवी, आणि मग गुन्हेगारीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण. मध्य प्रदेशात सागर येथील विद्यापीठात हा विभाग १९५९ पासून आहे. मद्रास विद्यापीठातही आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली. समाजकार्याबरोबर गुन्हेगारी व न्याय शिकवण्याची तिची परंपरा जुनी आहे. तुरुंगातल्या व सुटलेल्या माणसांसाठी तिचा "प्रयास" हा उपक्रम १९९० पासून चालतो. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून माहितीपत्रक स्वतः पाहावे. रुग्णांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम व तिच्याकडे नोंदणी लागते, हेही आधीच माहीत असलेले बरे.

नोकऱ्यांविषयी खरे सांगायचे तर मालिकेतल्यासारखे "गुन्हेगाराचे मन ओळखणारा अधिकारी" असे पद तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात नाही. आहेत ती पदे निराळी. परिवीक्षा अधिकारी, बालन्याय कायद्याखालच्या बालगृहांतली व निरीक्षणगृहांतली पदे, तुरुंगांतले समाजसेवक व समुपदेशक, विधी सेवेची कामे, संस्था, अध्यापन, प्रयोगशाळा. जागा फार नाहीत, पगार पुष्कळदा बेताचा. सहा आठवड्यांत गुन्हेगारी मानसशास्त्राचे प्रमाणपत्र देऊ म्हणून मोबाईलवर जाहिराती येतात. त्या पैशात मुलाला चांगली पुस्तके घेऊन द्या.

एवढे सगळे मी त्या दिवशी त्या बापलेकांना सांगितले. वडील उठताना म्हणाले, "म्हंजी पोलिसातबी न्हाई आन् वकिलीतबी न्हाई." पण त्यांनी मुलाला अडवले नाही. मुलगा आमच्याकडे मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाला, पुढे समाजकार्यात एम.ए. झाला आणि आता कच्च्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे.

गेल्या दिवाळीत तो भेटायला आला होता. मी विचारले, "काय रे, वाचतोस का मनं?" तो म्हणाला, "नाही सर, सात-बारा वाचतो." मग त्याने हकीकत सांगितली. एका मजुराला जामीन मंजूर होऊन तीन महिने झाले होते, तरी तो आतच होता. कारण त्याला जामीन राहणारे कोणी नव्हते. हा त्याच्या गावी गेला. भावकीने दार लावून घेतले. दोन दिवस राहून त्याने एक चुलत पुतण्या शोधून काढला, त्याची समजूत घातली, तलाठ्याकडून सात-बाराचा उतारा काढला आणि पुतण्याला घेऊन न्यायालयात उभा राहिला. सुटून आल्यावर त्या मजुराने पहिला प्रश्न विचारला तो खटल्याचा नव्हता. "आमची म्हस इकली का हाय?" असे त्याने विचारले.

वडिलांचे मी विचारले, तर मुलगा हसायला लागला. गावात कोणी चौकशी केली की ते आता म्हणतात, "पोरगं जेलात असतंय माझं." आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की तंबाखू मळत जरा वेळ थांबून मग पुढचे सांगतात.